गवताच्या जमादाराची शिकार

सुरुवातीलाच एक खुलासा करून ठेवतो. पुढे जिचं वर्णन आहे त्या शिकारीत एकही प्राणी मेला नाही. शिकार कायद्याने बंद आहे आणि मी कायदा पाळणारा माणूस आहे. मेलं असेल तर ते एक रानडुक्कर. ते गवताचं आणि केळीच्या वाळलेल्या पानांचं होतं, गोणपाटात शिवलेलं होतं आणि वनखात्याच्या वहीत त्याची रीतसर नोंद होती. तेही नक्की मेलं की नाही, यावर शिकारीच्या मुक्कामात दोन मतं आहेत.

मी धुळ्याला राहतो. एका कॉलेजात भांडारपाल आहे. माझ्याकडून खडूची एक पेटी जरी बाहेर गेली तरी तिची नोंद असते. या सवयीमुळे घरचे त्रासलेले आहेत. मी अशा ठिकाणी कसा पोहोचलो, याचं उत्तर एका शब्दात देता येतं, ते म्हणजे साडू.

फैजपूर, शुक्रवार

माझे साडू डिगंबरभाऊ फैजपूरला असतात. केळीची शेती आहे. वजन शहाण्णव किलो, आणि ते आवाजातही उतरलेलं आहे. गेली एकवीस वर्षं चंपाषष्ठी झाली की ते तीन दिवस घरातून गायब होतात आणि परत येताना अंगाला धुराचा वास घेऊन येतात. मेव्हणीने विचारणं कधीच सोडून दिलं आहे. यंदा त्यांनी फोनवर मला सांगितलं, "तुमी येऊन जा एकदा. मानसानं जल्मात एक तरी शिकार कराले पाह्यजे."

मला शिकारीत रस नव्हता. आमच्या गच्चीवर पत्रे टाकायचे होते, आणि भाऊंच्या गच्चीवर तसेच पत्रे होते. त्यांचा उतार किती, पुढे किती काढलेत, हे मोजायचं होतं. म्हणून मी तीस मीटरचा टेप पिशवीत टाकून निघालो. हा टेप पुढे किती महागात पडणार, हे तेव्हा माहीत नव्हतं.

फैजपूरला पोहोचल्यावर पत्रे मोजले. उतार एका मीटरला अकरा सेंटिमीटर. रात्री जेवायला शेवभाजी होती. आमच्या धुळ्याच्या शेवभाजीत आणि फैजपूरच्या शेवभाजीत फरक आहे, पण तो सांगितला की दोन्हीकडचे पाहुणे तुटतात, म्हणून सोडून देतो. जेवताना भाऊंनी मुक्कामाचे नियम समजावले.

मुक्काम सातपुड्याच्या पायथ्याशी, गुमानदादा पावरा यांच्या शेतात असतो. एकतीस वर्षांपूर्वी नानांनी तो सुरू केला. नाना म्हणजे एरंडोलचे यादवनाना, वय एकोणऐंशी. त्यांचे वडील खरी शिकार करायचे. बंदी आली, वडील गेले, आणि घरात एक तीरकमठा उरला. नानांना काही करमेना. मग त्यांनी गुमानदादांच्या मदतीने गवताचं डुक्कर उभं केलं आणि शिकारीचे बाकी सगळे रिवाज होते तसे चालू ठेवले. रिवाज कडक आहेत. डुकराला डुक्कर म्हणायचं नाही, कारण ते ऐकतं. त्याला जमादार म्हणायचं. जमादाराच्या पोटात बामणोदची भरताची वांगी भरतात. कुणाचा तरी नेम मंजूर झाला की त्याच वांग्यांचं भरीत होतं. कुणाचाच मंजूर झाला नाही, तर सगळ्यांनी खिचडी खायची.

"आन् मेन गोष्ट," भाऊ म्हणाले, "ज्याचे तीन वर्सं लागोपाठ रिकामे गेले, त्याचा कमठा भरताच्या जाळात."

"म्हणजे जाळतात?"

"जायतात. मंग तो मानूस बी येत नाही. कमठा नाही त कोन्त्या तोंडानं येईन?"

"आतापर्यंत किती जाळले?"

भाऊ भाकरी मोडत थांबले. "यंदा नानाचं तिसरं वर्स हाये," ते म्हणाले आणि भाजीची वाटी पुढे ओढली.

मुक्काम, शनिवार

पाड्याचं नाव देत नाही. मास्तरांनी तशी विनंती केली आहे. नाव छापलं की पुढच्या वर्षी लोक महागाचे बूट घालून येतील, असं त्यांना वाटतं. मास्तर म्हणजे पहूरचे निवृत्त शिक्षक, मुक्कामाच्या नोंदवहीचे राखणदार.

आम्ही सकाळी नऊला पोहोचलो. हरभरा गुडघ्याच्या खालीच होता, थंडी मात्र डोक्यापर्यंत होती. गुमानदादा बांधावर बसून बांबूची कामठी तासत होते. अंगाने वाळके, साठीच्या पुढचे. नानांचा सोडला तर मुक्कामातले सगळे कमठे त्यांच्या हातचे, आणि त्यांची दोरीसुद्धा बांबूच्या सालीची. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन राम राम केला. त्यांनी मान वर केली नाही. पुन्हा केला. तरी नाही. माणूस घमेंडी दिसतो, असं मी मनात नोंदवलं. थोड्या वेळाने अंघोळीच्या पाण्याचं विचारलं, तेव्हाही तेच झालं. मग त्यांच्या पत्नी जमनाताईंनीच बादली आणून दिली.

नाना खाटेवर बसले होते. पांढरी टोपी, दोन स्वेटर, एकावर एक. मांडीवर वडिलांचा तो कमठा. एकतीस वर्षांत मूठ धरायची जागा काळी होऊन चकाकत होती. ते मूळचे अहिराणी बोलणारे, आणि दुसरी भाषा बोलायची गरज आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

"साडू का?" त्यांनी मला खालून वर पाहिलं. "काय काम करस?"

"भांडार सांभाळतो. वस्तू मोजून देतो, मोजून घेतो."

"बरं शे. आठे मोजाले काही नही."

न्याहारीला भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. नानांनी ठेचा बाजूला सारला. पित्त होतं म्हणाले, डॉक्टरांनी मिरची बंद केली आहे. मग सगळ्यांनी त्यांच्या वाटणीचा ठेचा वाटून खाल्ला.

दिवसभर जमादाराचं बांधकाम चाललं. दहा प्रौढ माणसं गवत आणि केळीचा पाला गोणपाटात कोंबत होती, आणि त्यांच्यात जमादाराच्या कुल्ल्यांवरून जो वाद झाला तसा मी आमच्या कॉलेजच्या इमारतीच्या वेळीही ऐकला नव्हता. चोपड्याचे एक गृहस्थ म्हणत होते की मागच्या वर्षी शेपूट डावीकडे होती. ती उजवीकडे लावली तर जमादार नाराज होतो. अखेर जुना फोटो शोधून शेपूट डावीकडे लावली. पोटात चोवीस वांगी मावली. ती मी मोजली, तेवढ्यावर कुणी हरकत घेतली नाही.

दुपारी वनरक्षक मॅडम मोटारसायकलवर आल्या. पूर्वी कधीतरी कुणी तक्रार केली होती म्हणून दरवर्षी तपासणी होते. त्यांनी जमादाराच्या पोटात काठी खुपसली, कान ओढून पाहिला आणि वहीत लिहिलं, "गवताचे डुक्कर, एक. निर्जीव."

"मॅडम, डुक्कर नका लिहू," मास्तर कळवळून म्हणाले.

"मग काय लिहू?"

"जमादार."

"जमादार, एक, निर्जीव, असं लिहून पाठवलं तर उद्या पोलीस येतील मास्तर," त्या म्हणाल्या आणि चहाला बसल्या. त्यांनी दुसऱ्या दिवशीही यायचं कबूल केलं. तपासणी आज झाली, उद्या भरताची चौकशी, असं त्यांचं म्हणणं.

मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून नोंदवही लिहायचं काम त्यांनी मला दिलं. माझं अक्षर बरं आहे. वही हातात आल्यावर मी ती पहिल्या पानापासून वाचली. रिवाज असा. प्रत्येकाला एकच बाण. आधी तरुण, शेवटी सगळ्यांत वडीलधारा, म्हणजे नाना. बाण सोडण्यापूर्वी कुठे मारणार ते गुमानदादांच्या उजव्या कानात सांगायचं. डाव्या कानात सांगणं अशुभ. सांगितलं तिथे लागलं तर गुमानदादा म्हणतात "मंजूर", नाहीतर "गेला". त्यांच्या निवाड्यावर वाद नाही. जमादाराला बाण चिकटला की शिकार तिथेच थांबते, आणि ज्यांची पाळी राहिली त्यांचं वर्ष रिकामं धरतात.

वहीत मला एक विलक्षण गोष्ट सापडली. एकतीस वर्षांत एकोणीस वेळा कुणाची ना कुणाची दोन वर्षं रिकामी गेली होती. आणि एकोणीसच्या एकोणीस वेळा तिसऱ्या वर्षी त्या माणसाचा नेम मंजूर झाला होता. जमादारालाच लागला असं नाही. "मास्तर. वारूळ सांगितले, वारूळ लागले. मंजूर." "डिगंबरभाऊ. स्वतःची चप्पल सांगितली, चप्पल लागली. मंजूर." जाळलेल्या कमठ्यांची संख्या शून्य. भीतीने माणसाचा नेम सुधारतो, असा निष्कर्ष मी काढला आणि तो मला फार आवडला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं.

चारच्या सुमाराला नाना अंतर टाकायला उठले. खुणेच्या दगडापासून सगळ्यांत वडीलधाऱ्याने चाळीस पावलं चालायचं, जिथे पाऊल संपेल तिथे जमादार. नाना चालले. मागून दहा जण टोप्या काढून. चाळीस झाली, जमादार ठेवला, हळदकुंकू झालं. वहीत अंतराचा रकाना होता आणि त्यात दरवर्षी "चाळीस पावले" एवढंच लिहिलेलं. मला ते अपुरं वाटलं. पिशवीत टेप होताच. सगळे चहाकडे वळले तेव्हा मी एक टोक दगडाखाली दाबलं आणि मोजलं. सोळा मीटर चाळीस सेंटिमीटर.

म्हणजे एक पाऊल एक्केचाळीस सेंटिमीटरचं. मी चहाला गेलो आणि गुमानदादांच्या शेजारी बसलो. ते डावी बाजू माझ्याकडे करून बसले होते. सहज विचारलं, "दादा, पहिल्या वर्षी जमादार कुठे उभा होता?"

या वेळी त्यांनी ऐकलं. "मोहाखाली," ते म्हणाले.

मोहाचं झाड शेताच्या पलीकडच्या बांधावर होतं. आमच्या जमादाराच्या बरंच मागे. मी जाऊन मोजलं. एकोणतीस मीटर साठ.

आता मी जे केलं ते का केलं, याचं समाधानकारक उत्तर मला अजून देता आलेलं नाही. मी परत आलो आणि सगळ्यांसमोर, भांडाराची तूट सांगावी तशा आवाजात सांगितलं, "अंतरात तेरा मीटर वीस सेंटिमीटरची घट आहे. पावलं चाळीसच आहेत. पण पाऊल लहान होत गेलंय."

डिगंबरभाऊ माझ्याकडे असे पाहत होते की साडूचं नातं कायद्याने तोडता येतं का, हे ते मनात तपासत असावेत.

नानांनी बशी खाली ठेवली. "मना पाय चोर शेतस, आसं सांगस का तू?"

"नाही नाना. पाय बरोबर आहेत. मी फक्त मोजलं."

"नाना, टेप खोटा असेल," मास्तर म्हणाले. "हल्ली काहीही विकतात."

"मोह मागे चालत गेला असेल," चोपड्याचे गृहस्थ म्हणाले.

"मोह काही चालत नाही," गुमानदादा शांतपणे म्हणाले. "तो तिथेच आहे."

नानांनी कमठा टेकून उठायला वेळ घेतला. उठल्यावर मोहाकडे बराच वेळ पाहिलं. "नियम मी करेल शे," ते म्हणाले. "जमादारले मव्हाखाले उभा करा."

"नाना, आहो," भाऊ पुढे झाले, "तीस मीटर व्हते ते. या वयात—"

"उभा करा."

दहा माणसांनी जमादार उचलला. नेताना त्याचा एक कान पडला. हळदकुंकू दुसऱ्यांदा झालं. भाऊ माझ्या शेजारून जाताना फक्त एवढंच म्हणाले, "तुमाले कोनं सांगतलं व्हतं टेप काढाले? पत्रे मोजाले आले व्हते ना? पत्रे मोजा!"

संध्याकाळी माझ्या ताटात खिचडीबरोबर पापड नव्हता. बाकीच्या सगळ्यांच्या ताटात होता.

शिकार, रविवार

पहाटेची थंडी एवढी होती की स्वेटर घातलेल्या माणसाने दुसऱ्याच्या स्वेटरकडे पाहावं. सूर्य उगवला आणि पारधीची रांग लागली. जमादाराला माणसाचा वास जाऊ नये म्हणून चुलीतली राख हवेत उधळून वारा पाहतात. वारा भाऊंच्या चहाकडे होता. त्यानंतर खुणेच्या दगडापर्यंत कुणीही बोलायचं नाही. अकरा माणसं वाकून, हरभऱ्याच्या सरीतून, एका गोणपाटाला चाहूल लागू नये म्हणून श्वास रोखून चालली होती. मी पण रोखला होता.

अर्ध्या वाटेत भाऊंचा फोन वाजला. मेव्हणीचा होता. बोलायला बंदी, आणि फोन उचलला नाही तर घरी वेगळी बंदी. भाऊंनी फोन कानाला लावला. शांत शेतात तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "बीपीची गोळी घेतली का? हॅलो? घेतली का?" भाऊ फोनमध्ये जोरजोराने मान हलवत होते. रांगेतले दहा जण ती गोळी पोटात जाईपर्यंत वाकून उभे राहिले.

दगडापाशी पोहोचल्यावर भाऊंनी माझा दंड धरला आणि कुजबुजले, "आयका. आपल्याले जमादार लावाचा नाही. कोनालेच नाही. जमादार लागला का शिकार बंद, आन् नानाची पाळी गेली. समजलं?"

समजलं होतं. आदल्या दिवसापासून मला तेवढंच समजत होतं.

मुद्दाम चुकणं सोपं नसतं हे मी त्या दिवशी पाहिलं. पहिले नऊ बाण असे गेले की आमच्या कॉलेजच्या नाटकातसुद्धा इतकं वाईट काम होत नाही. चोपड्याच्या गृहस्थांचा बाण मागे पडला. मास्तरांनी डोळ्याला पट्टी असल्याचं कारण सांगितलं, पण पट्टी नेम न धरण्याच्या डोळ्याला होती. भाऊंनी बाण जमिनीतच मारला आणि "आरे बापरे" एवढं ओरडले. गुमानदादा दर वेळी म्हणत, "गेला."

मग मी. पाहुणा म्हणून मला शेवटून दुसरी पाळी. आयुष्यात कधी कमठा हातात धरला नव्हता. मी हिशेब केला. मोहाचं खोड रुंद होतं आणि जमादाराच्या नाकापासून डावीकडे दोन मीटर दहा सेंटिमीटर. मोजून ठेवलं होतं. खोडावर नेम धरला की जमादाराला धोका नाही. मी गुमानदादांच्या उजव्या कानाजवळ वाकलो आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "मोह." त्यांनी मान हलवली.

मी दोरी ओढली, खोड पाहिलं, सोडली.

बाण जमादाराच्या पोटात घुसला. मध्यभागी. आतलं वांगं फुटल्याचा आवाज आला.

कुणी टाळी वाजवली नाही. मास्तर खाली बसले. भाऊ आकाशाकडे पाहून म्हणाले, "देवा, एक साडू देल्ला, तो बी आसा."

शिकार संपली होती. नाना कमठा हातात घेऊन तसेच उभे होते. बाण न सोडताच त्यांचं तिसरं वर्ष रिकामं गेलं होतं. त्यांनी हळूहळू आपल्या कमठ्याची दोरी उतरवायला घेतली. जमनाताई चुलीपाशी होत्या, तिथे तुरीच्या काड्यांचा ढीग रचून तयार होता.

"थांबा," मी म्हणालो. "माझा नेम जमादार नव्हता."

"काय सांगेल व्हतं तू?" नानांनी विचारलं.

"मोह. मी मोह सांगितला होता. खोडावर धरला होता. हा कसा लागला मला माहीत नाही. सांगितलं एक आणि लागलं एक, मग हे मंजूर कसं?"

सगळ्यांनी गुमानदादांकडे पाहिलं. ते सावकाश जमादाराजवळ गेले, बाण उपटला, टोकाला चिकटलेलं वांगं पाहिलं आणि निवाडा दिला. "गेला. जमादार जिवंत आहे."

पोटात भोक पडलेला जमादार जिवंत ठरल्याचा आनंद मला झाला तेवढा कुणालाच झाला नसेल. नानांनी दोरी परत चढवली. मदतीला कुणी पुढे झालं नाही, तसा रिवाज नाही.

ते गुमानदादांच्या उजव्या कानाशी वाकले आणि बरंच काहीतरी सांगितलं. एका शब्दाचं काम होतं, नानांनी पूर्ण वाक्य सांगितलं. गुमानदादांनी मान हलवली. मग नाना दगडावर उभे राहिले. एकोणतीस मीटर साठ. दोरी छातीपर्यंत ओढली तेव्हा त्यांच्या दोन्ही स्वेटरच्या बाह्या वर सरकल्या आणि मनगट दिसलं, माझ्या मुलाच्या मनगटाएवढं.

बाण सुटला. जमादाराच्या नाकासमोरून गेला आणि मोहाच्या खोडात बसला. ठक्क असा आवाज झाला. बाणाच्या मागची पिसं थरथरत राहिली.

जमादार उभा होता, एक कान नसलेला, पोटाला भोक असलेला, पण उभा.

"गुमान," मास्तरांनी विचारलं. "नानांनी काय सांगितलं होतं?"

गुमानदादांनी मोहाकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मोह. मंजूर."

मग जो गोंधळ झाला त्यात भाऊंनी मला उचललं. शहाण्णव किलोच्या माणसाने उचलल्यावर काय वाटतं ते वेगळं लिहावं लागेल. वनरक्षक मॅडम नुकत्याच पोहोचल्या होत्या आणि झाडातला बाण पाहून गंभीर झाल्या होत्या.

"डुकराला मारा हो, मी काही म्हणत नाही. पण हे जिवंत झाड आहे. इजा झाली."

"झाड माझ्या बांधावर आहे," गुमानदादा म्हणाले. "माझी तक्रार नाही."

"तरी जखम किती?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेप काढला. दीड सेंटिमीटर. मॅडमनी लिहून घेतलं आणि त्या भरताच्या चौकशीला वळल्या.

वांगी काड्यांच्या जाळावर भाजली, सोलली आणि लाकडी पात्रात मुसळाने ठेचली. वर कांद्याची पात, शेंगदाणे, लसूण आणि हिरवी मिरची. आमच्याकडे मिरची वाटून घालतात, इथे भाजून वांग्याबरोबरच ठेचतात, त्यामुळे ती कुठल्या घासात भेटेल ते सांगता येत नाही. भरीत गुमानदादांच्या हातचं असतं, त्यात कुणी लुडबुड करत नाही. पहिलं ताट नेम मंजूर झालेल्याचं. नानांनी पहिला घास घेतला आणि त्यांना जबरदस्त ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. ते रागाने गुमानदादांकडे पाहू लागले. गुमानदादा शांतपणे सगळ्यांना वाढत होते. आम्हाला वाटलं, आनंदाने भरून आलंय. मास्तरांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

मला त्या दिवशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर दोन पापड मिळाले.

परत

निघताना सगळ्यांना भेटलो. गुमानदादा बांधावर बसून पुढच्या वर्षीची कामठी निवडत होते. मी उजवीकडून जाऊन म्हणालो, "दादा, येतो." उत्तर नाही. पुन्हा म्हणालो.

"इकडून बोला," चुलीपासून जमनाताई म्हणाल्या. "त्या बाजूने नाही ऐकू येत त्यांना. विहिरीचा सुरुंग उडाला होता जवळ. तेव्हापासून तो कान गेला."

"कधीची गोष्ट?"

"मोठी मुलगी पोटात होती तेव्हा. ती आता चौतीसची."

मी तिथेच उभा राहिलो. चौतीस वर्षं. मुक्काम एकतीस. एकोणीस वेळा तिसरं वर्ष, एकोणीस वेळा मंजूर. वारूळ, चप्पल, मोह. भीतीने नेम सुधारतो हा माझा निष्कर्ष मी तिथल्या तिथे मागे घेतला.

भाऊंनी आम्हाला जळगावच्या स्टँडवर सोडलं. नाना आणि मी एकाच एसटीत, धुळ्याच्या. नानांना एरंडोलला उतरायचं होतं. कमठा चादरीत गुंडाळून त्यांनी दोन गुडघ्यांत धरला होता. कंडक्टरने विचारलं, "बाबा, काय आहे हे?" नाना म्हणाले, "मना दोस्त शे. त्याले बी पंच्याहत्तरनं तिकीट नही लागत." कंडक्टर पुढे गेला.

पाळधी मागे पडलं. गप्प राहणं मला जमत नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं आहे.

"नाना, गुमानदादांना उजव्या कानाने ऐकू येत नाही."

"माले म्हाईत शे."

"तुम्हाला माहीत आहे?"

"निवाडाले त्याले मीच बसाडेल शे," नाना खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "उजवा कान बी मीच सांगेल शे."

बस एका खड्ड्यातून गेली. नानांनी कमठा सावरला.

"म्हणजे आजपर्यंत त्यांनी कुणाचंच ऐकलेलं नाही," मी म्हणालो. वहीतली माझ्या अक्षरातली नोंद मला दिसत होती. "यादवनाना. मोह सांगितला, मोह लागला. मंजूर." शाईने लिहिलेली. "मग नाना, तुम्ही आज त्या कानात खरं काय सांगितलंत? मोह?"

एरंडोलचा फाटा दिसायला लागला होता. नाना उठले, दांडा धरला, टोपी नीट केली.

"मी सांगं, गुमान, कमठा जळनार शे ते जळू दे, पन यंदा भरीतमा मिरची कमी टाक."

बस थांबली. ते एक पायरी उतरले आणि मागे वळले. डोळे अजून लालच होते.

"आनि तरी बी टाकीच ना त्यानी!"